वीतभर जागा

…आणि मग हरेशभाईनं शेवटचा कॅन उपडा केला, तसा टिपणिसांच्या सगळ्या हॉलला उरणच्या किनाऱ्याचा वास सुटला, इथवर काल आलं होतं. जे काल नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगायचं, की पनवेलला वडाळे तळ्याच्या अंगाला ‘नवजीवन’ नावाची एक इमारत होती, तिच्या दुसऱ्या मजल्यावर कृष्णकांत टिपणीस राहायचे, आणि शहाण्णव-सत्त्याण्णवच्या सुमाराला ह्या गृहस्थांनी घरात समुद्र आणला. साधी माशांची टाकी नव्हे. तशा तर तेव्हा दर दुसऱ्या दवाखान्यात होत्या, गोड्या पाण्याच्या, आत प्लास्टिकचा पाणबुड्या बुडबुडे सोडत उभा. ही खाऱ्या पाण्याची आणि जिवंत प्रवाळांची. प्रवाळ घरी ठेवायला तेव्हा अजून बंदी यायची होती. निळसर नळ्या, पाणी घुसळून फेस काढणारं एक नळकांडं, वर लाकडी झाकण, आणि वीज गेली की टिपणिसांनी स्वतः हातपंख्यानं पाण्याला वारा घालत बसायचं. त्यानं काय होतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. पण बसायचे.

रविवारी सोड्याची खिचडी आणि कोलंबीचं कालवण होणारं घर ते. तिथे पाण्यातले जीव पाहुण्यांसारखे हॉलमध्ये बसवलेले बघून वसुंधराबाईंना फार हसू यायचं. नवऱ्याला म्हणायच्या, “अहो, ह्यांना लाडाची नावं देऊ नका हं. नाव दिलं की पानात वाढवत नाही.”

टिपणिसांनी ऐकलं नाही. बायकोचं ऐकायचं वळण त्यांना नव्हतंच, पण ते पुढे येईल.

हरेशभाई म्हणजे उरण नाक्याजवळचा शोभेच्या माशांचा दुकानदार. बाप कच्छहून आलेला, हा पनवेलात वाढलेला, त्यामुळे मराठी बोलायचा ती चवीला जरा गोड लागायची. त्यानं मुंबईहून दोन प्रवाळं आणली होती. एक होतं झुपकेदार. खाली टणक दगड आणि वर बोटाएवढ्या तपकिरी-हिरव्या लोंब्या, प्रत्येकीच्या टोकाला पिवळा ठिपका, पाण्याबरोबर सगळ्या एका बाजूला झुकायच्या. टिपणिसांनी तिथल्या तिथे त्याचं झुंबर करून टाकलं. दुसरं म्हणजे एका चपट्या दगडावर दाटीनं उगवलेल्या हिरव्या-गुलाबी चकत्या, शर्टाच्या बटणाएवढ्या. उजेड पडला की उघडायच्या, कोणी जवळ जाऊन सावली पाडली की लाजून मिटायच्या. ती बटणं.

हरेशभाईनं झुंबर टाकीच्या एका टोकाला बसवलं, बटणं दुसऱ्या टोकाला, आणि हात पुसत म्हणाला, “साहेब, हे दगड नाय, जनावर आहे. दोघांच्या मधी जागा पाहिजे. वीतभर तरी, जास्ती असेल तर अजून चांगला. दिवसा बघाल तर एकदम गरीब. अंधार झाला का हात लांब करतात. मग बाजूवाल्याला जाळतात.”

“हात? ह्यांना?” टिपणीस म्हणाले.

“धाग्यासारखा. दिसत पण नाय.”

टिपणिसांनी मान डोलावली, म्हणजे बाजूला सारलं. दिसत नाही त्या गोष्टीवर त्यांचा विश्वास फक्त पत्रिकेपुरता होता.

आता त्या टाकीचं कारण सांगायला हवं. टिपणिसांनी सरकारी कचेरीत जन्म काढला, वेळेआधी निवृत्ती घेतली आणि हॉलमध्येच वधूवर सूचक केंद्र उघडलं. मुलीचा बाप नुसता बसला की घामेजतो आणि मुलाची आई नुसती बसली की भिंतीचे पोपडे मोजते, हा त्यांचा अनुभव. दोघांनाही बघायला काहीतरी रंगीत हवं, म्हणून टाकी. आणि त्यांची मुलगा-मुलगी दाखवायची एक तऱ्हा होती, ती साऱ्या पनवेलात ठाऊक होती. बाकीचे लोक मुलाला आणि मुलीला समोरासमोर बसवतात. टिपणीस दोन खुर्च्या शेजारी-शेजारी मांडायचे, हाताला हात लागेल अशा. चहाचे कपही एकाच ट्रेमध्ये, एकमेकांना चिकटून. म्हणायचे, समोर बसलेला माणूस परीक्षा घेतो, शेजारी बसलेला सोबत करतो. माणसं जवळ ठेवा, बाकीचं आपोआप होतं.

एकदा तर पळस्प्याचा एक गॅरेजवाला मुलगा बघायला आला, सोबत कानानं अधू असलेला काका. काका चुकून मुलाच्या खुर्चीत बसला. मुलगी बिचारी शिक्षिका, तिला वाटलं ह्यांच्याकडे अशीच पद्धत असेल, म्हणून ती काकाशीच बोलत राहिली, मोठ्यानं आणि स्पष्ट, वर्गात बोलावं तसं. काकाला कित्येक वर्षांनी कोणाचं तरी बोलणं धड ऐकू आलं. घरी जाऊन त्यानं सांगितलं की सून आणायची तर हीच. मुलानं तिच्याशी एक शब्दही न बोलता लग्न झालं, आणि संसार चांगला चालला. टिपणीस ही गोष्ट प्रत्येक नव्या पालकाला सांगायचे आणि शेवटी दोन्ही खुर्च्यांच्या पाठींवर एकदम थाप मारायचे. म्हणजे बघा, खुर्चीचं केवढं महत्त्व.

तेव्हा अशा माणसाला टाकीच्या मधोमध मोकळी वाळू बघवेल कशी? पंगतीतून कोणी उठून गेल्यावर पान राहतं, तशी ती जागा त्यांना दिसायची. रविवारी आलेले लोकही म्हणायचे, मधे काही यायचंय का अजून? पंधरवडाही झाला नसेल, टिपणिसांनी बाही दुमडली, हात घातला आणि झुंबर उचलून बटणांच्या कुशीत नेऊन ठेवलं. लोंब्या झुकल्या की बटणांवर पंखा घातल्यासारखं दिसायचं. वसुंधराबाईंनाही म्हणावं लागलं, की दिसतं खरं छान.

पण ही जवळीक त्यांना एवढी का प्यारी, त्याचीही एक गोष्ट आहे आणि ती हसण्याची नाही. टिपणिसांची थोरली बहीण, आक्का, लांब वऱ्हाडात दिलेली. मोठं घर, चांगली माणसं, असं सांगणाऱ्यांनी सांगितलं. चार-दोन वर्षांनी एकदा यायची, दरवेळी आधीपेक्षा बारीक होऊन. शेवटी आली ती तार. टिपणीस आणि त्यांचे वडील पोचेपर्यंत सगळं आटोपून अंगण सारवलेलं होतं. तेव्हा ते कॉलेजात होते. त्या सारवलेल्या अंगणात त्यांनी ठरवलं, की मला मुलगी झाली तर ती माझ्या डोळ्यांसमोरून हलणार नाही.

मुलगी झाली, एकच. मिताली. आणि टिपणिसांनी ती खरोखर डोळ्यांसमोर दिली. समोरच्या दारात.

समोरच्या ब्लॉकमध्ये कर्णिक राहायचे. कमळाकर कर्णिक, त्यांची बायको सत्यवतीबाई आणि मुलगा सुशांत. दोन्ही घरांची दारं दिवसभर उघडी असायची. मधे जिन्याचा चौक, त्यावर दोन पायपुसणी. बिरड्याचे वाल सोलायला सत्यवतीबाई इकडे येऊन बसायच्या, निनावं झालं की वसुंधराबाई वडी घेऊन तिकडे. मिताली शाळेतून आली आणि आई घरात नसली तर कर्णिक काकूंकडे जेवून झोपायची. सुशांत तळोजाच्या एका कारखान्यात केमिस्ट लागला, मुलगा निर्व्यसनी, एका जातीचा, पत्रिकाही बरी जुळत होती. टिपणिसांना वाटलं, आयुष्यभर लोकांच्या खुर्च्या जवळ मांडल्या त्याचं हे बक्षीस. मितालीला विचारलं का? विचारलं. म्हणजे सगळं ठरल्यावर म्हणाले, “काय गं, कर्णिक काकूच तुझ्या सासूबाई, आवडेल ना?” तिला काकू आवडायच्याच. ती हो म्हणाली.

लग्न झालं ते टाकी यायच्या आधी. वरातीला बँडवाल्यांनी मुद्दाम तळ्याभोवती चक्कर मारली, नाहीतर वाजवायचं कुठे? वधू एका दारातून निघाली आणि समोरच्या दारात माप ओलांडून आत गेली. पाठवणीला कोणाला रडूच येईना. नातेवाईक हसत होते. वसुंधराबाई तेवढ्या घरात जाऊन, मोरीचा नळ सोडून रडल्या.

त्यांना आधीच कळलं होतं.

मुलीला माहेर असतं म्हणजे काय असतं? एक बॅग असते. ती भरायची असते, गाडी धरायची असते, पोचल्यावर आईनं म्हणायचं असतं, किती वाळलीस गं. मग दुपारी पसरून झोपायचं असतं आणि सासरचं सगळं एका दमात सांगून टाकायचं असतं, कारण ऐकायला तिथलं कोणी नसतं. मितालीला ह्यातलं काहीच मिळालं नाही. पहिला दिवाळसण आला. जावई चपला घालून आले, ओवाळून घेतलं, फराळ केला आणि झोपायला आपल्या घरी गेले. त्यांच्या मागून मितालीही गेली. सत्यवतीबाई म्हणाल्या होत्या, “अगं, माहेरी राहायचं काय? दार उघडलं की माहेर. लोकांच्या सुनांना नागपूर-इंदूरला जावं लागतं.”

सत्यवतीबाई दुष्ट होत्या का? मुळीच नाही. पण शेजारच्या मुलीचं जे कौतुक होतं, ते सुनेचं दिसेना. शेजारची मिताली उशिरा उठायची, तर काकू म्हणायच्या झोपू दे बाई पोरीला. सून उशिरा उठली की त्या काही बोलायच्या नाहीत, फक्त भांडी जरा जोरात ठेवायच्या, आणि आवाज समोरच्या घरात जायचा. इकडे पाहुणे आले की तिकडे विचारणा: तुझ्या आईकडे कोण आलं होतं, आम्हाला नाही बोलावलं? वसुंधराबाईंनी लेकीसाठी म्हणून वाटीभर काही पाठवायची सोय राहिली नाही. पाठवायचं तर सगळ्यांना पुरेल एवढं, नाहीतर नाहीच. लेकीला ताप आला तरी आईनं आधी विहिणीला विचारायचं, की मी येऊ का. मिताली एकदा डोळे पुसत आली. चौकातल्या चौकातच तिचं रडणं थांबलं, कारण मागं दार उघडं होतं. टिपणिसांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सवय होईल.”

दोन्ही घरांची दारं त्यानंतर हळूहळू बंद राहायला लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा टिपणिसांनी आपल्याच दाराची कडी आतून बघितली.

एकच वाट उरली होती, ती नव्या आलेल्या टाकीची. काचेवर आतून शेवाळं धरायचं, ते रोज पुसावं लागायचं. टिपणिसांना जवळचं नीट दिसत नव्हतं आणि वसुंधराबाईंच्या हाताला खाऱ्या पाण्यानं चिरा पडायच्या. म्हणून टिपणिसांनीच सत्यवतीबाईंना सांगितलं, की वहिनी, संध्याकाळी जरा मितालीला पाठवत जा, काच पुसायला. सत्यवतीबाईंना नाही म्हणता आलं नाही. तेवढी घटकाभर मिताली यायची. बाही वर करायची, स्पंज घ्यायची आणि कोपरापर्यंत हात समुद्रात घालून आईशी बोलत राहायची. बोलण्यात विशेष काही नसायचं. टिपणीस वर्तमानपत्र आडवं धरून ऐकायचे, आणि त्यांना वाटायचं, बघा, जवळ दिली म्हणून हे सुख.

एका संध्याकाळी ती पुसता पुसता थांबली.

“बाबा, कडेची बटणं मिटून बसलीयेत. कालही मिटलेली होती. झुंबर लांब करा ना.”

“नवीन जागा आहे गं त्यांना,” टिपणीस म्हणाले. “सवय होईल.”

मितालीनं त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्या कडेला साय धरल्यासारखा पांढुरका पट्टा दिसायला लागला. टिपणिसांनी पाणी बदललं, तळोजाच्या कारखान्यांना शिव्या घातल्या, नळी बदलली. हरेशभाईला बोलावून त्यालाच दोष दिला की माल रोगट दिला. हरेशभाईनं काचेला नाक लावलं आणि सरळ झाला. म्हणाला, “साहेब, मी बोललो होतो. जागा द्या.” टिपणीस हसले. त्याला चहा पाजला आणि दोन खुर्च्यांची गोष्ट ऐकवली, काकासकट. झुंबर तिथेच राहिलं. कारण ते हलवायचं म्हणजे जवळ ठेवणं चुकलं असं म्हणायचं, आणि ते म्हणायला सुरुवात केली असती तर टाकीपाशी थांबता आलं नसतं. हे त्यांनी स्वतःशी कधी बोलून पाहिलं नाही, पण पट्टा दिसला की ते नजर वळवायचे एवढं खरं.

आता गोष्टीतली खरी गाठ.

सुशांतच्या कारखान्यानं खाली कोकणात, लोट्याला, नवा विभाग काढला. इथल्या काही माणसांना तिकडे पाठवायचं ठरलं. राहायला कंपनीचं घर. सुशांत तसा आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता, पण मितालीनं त्याला काय सांगितलं कोण जाणे, त्यानं आपणहून नाव दिलं आणि त्याचं नाव लागलंही. त्या संध्याकाळी मिताली आली ती दार ढकलतच. स्पंज हातात घेतला तो तसाच राहिला.

“स्वयंपाकघराची खिडकी डोंगराकडे उघडते म्हणे,” ती म्हणाली. “आणि बाबा, तिथून इथे यायचं म्हणजे एसटीनं यायचं. आधी कळवायचं, बॅग भरायची. मी बॅग भरून येईन, आई. आठ दिवस राहीन.”

वसुंधराबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना ती बॅग दिसत होती. टिपणिसांना फक्त ‘जाणार’ एवढंच ऐकू आलं. पुढचं सगळं त्यांच्या कानांवरून गेलं. डोळ्यांपुढे ते सारवलेलं अंगण आलं.

दुसऱ्या दिवशी ते कमळाकर कर्णिकांबरोबर तळ्याला फेरी मारून आले. दोघांचं एकमत झालं, की पोरांना कळत नाही. कर्णिकांना मुलगा हवा होता, टिपणिसांना मुलगी, आणि दोघांनाही एकमेकांसमोर आपण हे स्वतःसाठी करतोय असं म्हणायचं नव्हतं, म्हणून ते पेन्शनवर बोलत परत आले. वर आल्यावर टिपणिसांनी अपूर्व गुप्तेला फोन लावला. हा अपूर्व त्याच कारखान्यात माणसांच्या बदल्या बघायचा. त्याचं आणि सईचं लग्न टिपणिसांच्याच त्या दोन खुर्च्यांवर ठरलेलं. टिपणिसांनी फार काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, की एकुलती एक मुलगी आहे रे माझी. अपूर्वला समजलं.

सुशांतचं नाव गळलं. वरून नामंजूर झालं, असं त्याला सांगितलं गेलं. तो दोन दिवस डबा न घेता कामावर गेला, मग आईच्या हातचं गरम जेवून पूर्ववत झाला. मिताली काच पुसायला येत राहिली. लोट्याचा विषय तिनं काढला नाही. टिपणिसांनी त्या आठवड्यात आंब्याची पेटी आणली, तीही दोन्ही घरांना पुरेल एवढी.

आणि मग एका रविवारी सई गुप्ते आली, कडेवर बाळ, हातात पेढे. बारसं झालं होतं, काकांना बाळ दाखवायचं होतं. मितालीचा हात टाकीत होता, पाठ हॉलकडे. सईला काय ठाऊक कोणाला काय सांगायचं नि काय नाही. ती आनंदात होती. बाळाला टिपणिसांच्या मांडीवर ठेवत म्हणाली, “आणि काका, तुमचं ते काम झालं हं. ह्यांनी कर्णिकांचं नाव काढून दुसऱ्याचं घातलं. म्हणाले, काकांनी आपल्यासाठी एवढं केलं, त्यांची मुलगी त्यांच्यापासून कशी काय तोडायची?”

बाळ हसलं. टिपणीस बाळाकडे बघत राहिले. वसुंधराबाईंनी पेढ्याचा पुडा हातात घेतला होता, तो त्यांना कुठे ठेवावा कळेना. त्यांना हेही आत्ताच कळत होतं. पाठमोऱ्या मितालीचा हात पाण्यात थांबला होता आणि झुंबराच्या लोंब्या तिच्या मनगटाला हळूहळू लागत होत्या.

सई गेल्यावर मितालीनं विचारलं, “बाबा, हे तुम्ही केलंत?”

“तुझ्यासाठीच,” टिपणीस म्हणाले. “एवढ्या लांब, ना कोणी ओळखीचं. आमच्या आक्काचं काय झालं ते—”

“आक्काआत्याला कोणी विचारलं नव्हतं,” मिताली म्हणाली. “मलाही नाही विचारलंत.”

एवढंच. आवाज चढवला नाही, कारण समोरचं दार त्या दिवशी नेमकं उघडं होतं. तिनं राहिलेली काच पूर्ण पुसली, कोपऱ्यासकट. स्पंज पिळला, खिळ्याला अडकवला. हात धुतले. मनगटावर लाल रेघा उठल्या होत्या, त्या वसुंधराबाईंनी बघितल्या आणि खोबरेल तेल घेऊन पुढे झाल्या. ती म्हणाली, राहू दे आई, सवय झाली. आणि बाहेर पडताना तिनं दार ओढून घेतलं, कडी वाजेल असं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सत्यवतीबाईच येऊन सांगून गेल्या. मिताली म्हणते, आता बाबांना काच पुसायला माझी गरज नाही. बरं झालं, तेवढाच तिलाही आराम. त्यांच्या बोलण्यात काकणभर आनंद होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

टिपणिसांनी वाट पाहिली. आठवडा गेला, गणपती गेले. काचेवर शेवाळं चढलं, आतलं हिरवं धुकं झालं. एके दिवशी वसुंधराबाई म्हणाल्या, “अहो, ते दगड तरी लांब करा आता.” नवऱ्याला त्या अशा आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. टिपणिसांनी बाही दुमडली, चष्मा डोळ्यांवर घेतला आणि हात घातला. बटणांचा दगड वर काढला तर तो दगडच होता. खरखरीत, पांढरा, वर एकही चकती नाही. झुंबर मात्र जोरात वाढलं होतं. त्याला मधोमध ठेवलं. दोन्हीकडे मोकळी वाळू.

मिताली गेली कुठे? कुठेच नाही. ह्या गोष्टीतलं सगळ्यात वाईट तेच. ती तिथेच होती, समोरच्या दारात, जिन्याचा चौक ओलांडला की. टिपणिसांना तिचं सगळं ऐकू यायचं. सकाळी तिची बादली, कुकरची शिट्टी, तिचा खोकला. वाल शिजले की वास यायचा, फोडणी कोणाची, सासूची की सुनेची, तेही त्यांना ओळखू यायला लागलं होतं. बिरड्याची वाटी कधी आली तर ती सत्यवतीबाईंच्या हातून. मिताली जिन्यात भेटायची. ते विचारायचे, बरी आहेस ना? ती म्हणायची, हो, बरी आहे, तुम्ही? तळमजल्यावरच्या बिऱ्हाडकरूंशी बोलावं तसं, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत. पायरीवर थांबून ती आधी त्यांना जाऊ द्यायची. संस्कार चांगले होते. त्यांनीच केलेले.

लांब दिली असती तर निदान तिची वाट बघता आली असती.

केंद्र मात्र बंद केलं नाही टिपणिसांनी. लोक येत राहिले. फक्त खुर्च्यांची मांडणी बदलली. आता त्या दोन खुर्च्यांमध्ये एक तिपाई असायची, चांगली रुंद, आणि चहाचे कप दोन वेगळ्या बश्यांतून यायचे. पळस्प्याच्या काकाची गोष्टही ते सांगेनासे झाले. जुने लोक आपणहून आठवण करायचे, तर म्हणायचे, राहू द्या हो, तो काका वारला.

नव्याण्णव उजाडलं असेल. नव्या पनवेलचे एक गृहस्थ आले. नुकतेच पुण्याहून आलेले, बँकेत साहेब, एकुलती एक मुलगी. बसल्या बसल्या त्यांची नजर टाकीकडे गेली. म्हणाले, वा, काय सुरेख आहे, पण एकटंच का हो? टिपणिसांनी तिपाई जरा सरळ केली. मग साहेब मुद्द्यावर आले. पैशाचं काही नाही, शिक्षणाचं थोडं कमी-जास्त चालेल, पण मुलगी लांब द्यायची नाही. जीव राहत नाही. ह्याच भागातलं, अगदी हाकेच्या अंतरावरचं स्थळ बघा. आणि हसून म्हणाले, तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर स्वतःची समोरच दिलीत म्हणे, तुमच्यासारखे नशीबवान तुम्हीच.

वसुंधराबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थांबल्या. समोरच्या घरात कोणीतरी फोडणी घातली. हिंग-मोहरीचा वास चौक ओलांडून आत आला. टिपणिसांनी मान वळवून तो घेतला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला, आणि म्हणाले:

“हाकेच्या अंतरावर दिलेली मुलगी हाक मारत नाही हो, साहेब. सगळ्या मजल्याला ऐकू जाते ना ती.”